सरकारी खरेदी आणि घरची माणसें

सरकारचा कारभार किती स्वच्छ आहे हें पाहावयाचें असल्यास त्याचें खरेदीखातें पाहावें, असें आमचें मत आहे. कायदे करणारे सर्वांच्या दृष्टीस पडतात; माल कोणाकडून व काय भावानें घ्यावा हें ठरविणारा वरिष्ठ अधिकारी मात्र सहसा कोणास ठाऊकही नसतो. अमेरिकेच्या हवाई दलांतील डार्लीन ड्रुयन या बाईंची हकीकत याच कारणासाठीं वाचकांस सांगावीशी वाटते.

१९९३ पासून २००२ पर्यंत त्या दलाच्या खरेदीखात्यांत या बाईंचें स्थान फार वरचें होतें. राजकीय वरिष्ठ येत आणि जात, बाई कायम. व्यापाऱ्यांशीं त्या मोठ्या करारीपणानें वागतात, असा त्यांचा लौकिक होता. २००० सालीं त्यांनीं बोइंग कंपनीकडे शब्द टाकला, आणि मुलीस व होणाऱ्या जावयास तेथें नोकऱ्या मिळाल्या. २००१ सालीं जुनीं मालवाहू विमानें सुधारण्याचें सुमारें चार अब्ज डॉलरांचें काम त्याच कंपनीस गेलें. पुढें शंभर इंधनवाहू विमानांच्या सौद्याची बोलणीं चालू असतांनाच स्वतः बाईंच्या नोकरीचीही बोलणीं सुरू झालीं, आणि त्यांत मध्यस्थ झाली ती मुलगी! जानेवारी २००३ मध्यें बाई बोइंगमध्यें रुजू झाल्या.

यांत पैशाची थैली कोठेंच नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. कौटिल्यानें राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. त्यांतील बहुतेक हिशेबाच्या वहींत सांपडण्यासारखे. मुलीची नोकरी कोणत्या वहींत सांपडणार? आपल्या घरांतही ‘साहेबांच्या कानावर एवढें घाला’ असें एखादी मावशी सहज म्हणून जाते, आणि तें आपणांस लांचाहून अगदीं निराळें, निव्वळ मायेचें वाटतें. बाईंसही प्रथम तसेंच वाटलें असावें. सरकारचें नुकसान आपण केलें नाहीं, असें त्या सांगत राहिल्या. असत्य ओळखण्याच्या यंत्रापुढें त्या उतरल्या नाहींत, तेव्हां कोठें उपकाराची फेड केल्याचें त्यांनीं कबूल केलें.

ऑक्टोबर २००४ मध्यें त्यांस नऊ महिन्यांची कैद झाली. विमानांचा सौदा बारगळला. कंपनीच्या अर्थखात्याचा मुख्यही तुरुंगांत गेला, व २००६ सालीं कंपनीनें साडेएकसष्ट कोटी डॉलर भरून तडजोड केली. एका अधिकाऱ्याच्या हातीं इतकी सत्ता इतकीं वर्षें कशी राहिली, हा विचार अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें त्यानंतर एका मंडळाकडे सोंपविला. आमच्या मतें तो १९९३ सालींच व्हावयास हवा होता.