परदेशात भूकंप, जीव टांगणीला नरखेडात : फोन कुणाला करायचा, व्हिसा कुठला लागतो?

नरखेड : 28 मार्च 2025 च्या दुपारी म्यानमारमध्ये 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. हजारभर किलोमीटर लांबच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत पत्त्यासारखी खाली बसली. तो व्हिडिओ काही मिनिटांत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागला. अडचण इथूनच सुरू होते. व्हिडिओ येतो, बातमी येते, पण तिकडे असलेल्या पोराचा फोन लागत नाही. मग घरातला एक जण सारखा डायल करत बसतो, दुसरा नागपूरच्या ओळखीच्या माणसाला विचारतो, तिसरा म्हणतो, "मीच जातो तिकडे."

संकट आलं आणि घरच्यांना कळलं नाही म्हणजे काय होतं, हे या तालुक्याला कुणी सांगायची गरज नाही. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीचा पूर मोवाडात शिरला. दोनशेच्या वर माणसं गेली, गाव उद्ध्वस्त झालं. त्या काळी हातात मोबाईल नव्हते. बाहेरगावी नोकरीला असलेल्या, लग्न होऊन गेलेल्या मोवाडकरांना घरचं कोण वाचलं हे कळायला फार वेळ लागला. आता उलटं झालंय. गाव जागेवर आहे आणि माणसं बाहेर आहेत. कुणी शिकायला गेलंय, कुणी आखातात कामाला, कुणी पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या यात्रेला.

पहिला फोन कुणाला?

मंत्रालयात ओळख काढण्याआधी दोन साधी कामं करायची. ज्या देशात माणूस अडकलाय तिथला भारतीय दूतावास आपत्तीनंतर बहुतेक वेळा काही तासांतच हेल्पलाइन नंबर जाहीर करतो. तो नंबर दूतावासाच्या अधिकृत पानावरूनच घ्यायचा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजमधून नाही. दुसरं, दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा टोल फ्री नंबर 1800-11-3090. शिवाय मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. 2015 पासून ते चालू आहे. नोंद केली की क्रमांक मिळतो आणि पुढे काय झालं ते त्यावर पाहता येतं. हा क्रमांक महत्त्वाचा. तोंडी सांगितलेली गोष्ट टेबलावरून टेबलावर जाताना हरवते, क्रमांक असला की विचारायला तोंड राहतं.

जिल्ह्याच्या पातळीवर 1077 हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे, राज्याचा 1070. जिल्हा नियंत्रण कक्ष परदेशातल्या माणसाला थेट शोधू शकत नाही, पण माहिती राज्याच्या कक्षाकडे आणि तिथून दिल्लीला पोचवू शकतो. तहसील कार्यालयात जाऊन लेखी अर्ज दिला तर त्याची पोच घ्यावी.

या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : पासपोर्ट नंबर काय? आणि बहुतेक घरं इथेच अडतात. सातबारा, फेरफार, सोसायटीचं पासबुक, सगळं कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत नीट असतं. पोराच्या पासपोर्टची झेरॉक्स मात्र घरात नसते. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, व्हिसाची प्रत, तिथला पत्ता, मालकाचा किंवा कॉलेजचा नंबर, सोबत राहणाऱ्या दोन मित्रांचे नंबर, एवढं एका कागदावर आणि मोबाईलमध्ये असलं की अर्धं काम होतं. नाव पासपोर्टवर जसं लिहिलंय तसंच सांगायचं. घरी 'बंडू' म्हणतात म्हणून यादीत 'बंडू' सापडत नाही.

6 फेब्रुवारी 2023 ला तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा त्या देशात साधारण 3,000 भारतीय होते. दूतावासाने अदाना शहरात वेगळा कक्ष उघडला. दुर्गम भागात 10 जण अडकले होते पण सुखरूप होते आणि कामानिमित्त गेलेला एक जण बेपत्ता होता, असं मंत्रालयाने सांगितलं. त्या एकाचा मृतदेह पुढे हॉटेलच्या ढिगाऱ्यात सापडला. इतका बारीक हिशेब लागतो तो कोण कुठे उतरलाय हे कुणीतरी कळवलं तरच.

जायचं की नाही?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच आहे. घरच्यांना ते पटत नाही, पण त्यामागे कारण आहे. 25 एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर काठमांडूच्या एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळावर मदतीच्या विमानांची इतकी गर्दी झाली की धावपट्टी खराब होऊन मोठी विमानं काही काळ बंद ठेवावी लागली. अशा वेळी तिथे गेलेला काका शोधायला उपयोगी पडत नाही, उलट त्यालाही खायला, झोपायला आणि परत आणायला कुणीतरी लागतं. एप्रिल 2024 मध्ये दुबईत विक्रमी पाऊस झाला तेव्हा विमानतळच तुंबला होता. गरज नसेल तर येऊ नका, असं भारतीय दूतावासालाच सांगावं लागलं.

जाणं खरंच गरजेचं असतं ते तीन प्रसंगी. माणूस दवाखान्यात आहे आणि सोबत कुणी नाही, लहान मूल एकटं पडलंय, किंवा ओळख पटवायला रक्ताचं माणूस हवंय. तेव्हा व्हिसाचा प्रश्न येतो.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण कागद लागतो आणि याच ठिकाणी लोक फसतात. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. 15 ते 65 वयाच्या माणसाला नुसतं आधार चालत नाही. 15 च्या खालच्या आणि 65 च्या वरच्यांना आधार चालतं. घाईत आधार घेऊन दिल्ली विमानतळावर पोचलेला माणूस तिथूनच परत फिरतो.

श्रीलंकेला आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, तिला ईटीए म्हणतात. तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीयांना सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असेल तरच मिळतो, नाहीतर पासपोर्टवर स्टिकर लावून आणावा लागतो. आखातात बहुधा तिथे असलेल्या नातेवाइकाने किंवा हॉटेल-एजन्सीने इकडच्या माणसाचा व्हिसा काढायचा असतो. अमेरिकेचं सगळ्यात किचकट आहे. महाराष्ट्रातल्या लोकांचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होतं. आधी फी भरायची, मिळेल ती साधी तारीख घ्यायची आणि मगच तातडीच्या तारखेसाठी विनंती टाकायची. सोबत दवाखान्याचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. नुसतं "तिकडे वादळ आलं" एवढ्यावर तारीख पुढे येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी पासपोर्ट हवा. पोराला परदेशात पाठवताना कर्ज काढलं जातं, बागेचा सौदा आधीच केला जातो, पण आई-बापांपैकी एकाचाही पासपोर्ट काढला जात नाही. साधा पासपोर्ट प्रौढासाठी 1,500 रुपयांत होतो, मुदत 10 वर्षं. तत्काळमध्ये 2,000 रुपये जास्तीचे, म्हणजे एकूण 3,500. तत्काळमध्ये कागद बरोबर असले तर पासपोर्ट आधी हातात येतो आणि पोलिसांची चौकशी बहुधा नंतर होते. पण आधारवर एक नाव, मतदार कार्डावर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं असलं की तत्काळसुद्धा अडकतं. ग्रामीण भागात खरी वेळ याच्यात जाते, पासपोर्ट कार्यालयात नाही.

तिकडे पासपोर्टच गेला तर

घर पडलं, पुरात सामान वाहून गेलं, पासपोर्टही गेला. अशा वेळी दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. हा पांढरा कागद फक्त भारतात परत यायला चालतो, एकदाच. अडकलेल्या माणसाला तो मोठा आधार वाटतो आणि आहेही. पण त्याची दुसरी बाजू घरच्यांनी समजून घ्यायला हवी. पासपोर्टसोबत त्यावर चिकटवलेला व्हिसाही गेलेला असतो. या कागदावर घरी आलेल्या माणसाला परत कामावर किंवा कॉलेजात जायला नवा पासपोर्ट आणि बऱ्याचदा नवा व्हिसा काढावा लागतो. म्हणून जीवाला धोका नसेल, राहायला जागा असेल तर तिथेच थांबून नवा पासपोर्ट काढणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. "काही नको, तू आधी घरी ये" असं आई म्हणणारच. पण वर्षभराची फी भरलेली असेल, कर्जाचा हप्ता चालू असेल तर हा निर्णय रडता रडता फोनवर घेऊ नये.

विमानं रद्द झाली आणि तेवढ्यात व्हिसाची मुदत संपली, असंही होतं. काही देश दंड माफ करतात, काही करत नाहीत. रद्द झालेल्या तिकिटाचा मेसेज जपून ठेवायचा आणि मुदत संपायच्या आधीच तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जायचं, एवढं माणसाच्या हातात असतं.

उलटी बाजूही आहे. 2015 मध्ये नेपाळात अडकलेल्या परदेशी नागरिकांना जमिनीच्या मार्गाने भारतात येता यावं म्हणून भारताने त्यांना सीमेवर विनाशुल्क व्हिसा दिला होता. तुर्कस्तान-सीरियाच्या भूकंपानंतर जर्मनीने तिथे राहणाऱ्या लोकांना आपल्या जवळच्या नातेवाइकांना 90 दिवसांसाठी बोलावून घेता यावं म्हणून व्हिसाची पद्धत सोपी केली होती. अट एक होती, खर्चाची हमी बोलावणाऱ्याने द्यायची. अशा सवलती जाहीर झाल्या तर थोड्या दिवसांसाठीच असतात, म्हणून विचारत राहावं लागतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातवंडांचं ओसीआय कार्ड काढलेलं असेल तर त्यांना भारतात यायला व्हिसाची गरजच पडत नाही. शांततेच्या काळात काढून ठेवलेलं हे कार्ड अशा वेळी सोन्याचं होतं.

पैसा आणि भामटे

तिकडे हातात पैसा असला की जेवण, हॉटेल, गाडी सगळं होतं. बँकेतून परदेशात पैसे पाठवायला पॅन कार्ड आणि फॉर्म लागतो. गावच्या शाखेत हे काम रोजचं नसतं, त्यामुळे नरखेड, काटोल किंवा थेट नागपूरची शाखा बघावी लागते. नेपाळसाठी वेगळी सोय आहे. भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेत बँकेतून एका वेळी 2 लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. 2021 पर्यंत ही मर्यादा 50 हजार होती.

आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी भामट्यांचे फोन सुरू होतात. "दूतावासातून बोलतोय, तुमचा मुलगा सापडलाय, विमानाचे पैसे या क्यूआरवर टाका." दूतावास कुणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही आणि ओटीपी तर कधीच विचारत नाही. ज्याच्याकडे खरंच पैसा नाही त्याच्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. 2009 पासून तो चालू आहे. अडकलेल्याचं राहणं-खाणं, परतीचं तिकीट, वेळ आलीच तर पार्थिव आणण्याचा खर्च, परिस्थिती बघून त्यातून करता येतो. पण तो मागावा लागतो. न मागता मिळाल्याचं क्वचितच ऐकायला येतं.

दहावी न झालेले जे कामगार ईसीआर पासपोर्टवर आखातात जातात त्यांना प्रवासी भारतीय बिमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण. एजंटने पॉलिसीचा कागद घरी दिला का, हे जाण्याच्या आधीच बघायचं. टुरिस्ट व्हिसावर कामाला नेणाऱ्या एजंटच्या मागे गेलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

नोंद कुणाकडेच नाही

23 ऑगस्ट 2024 ला नेपाळात तनहुँ जिल्ह्यात जळगाव भागातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. तो अपघात होता, नैसर्गिक आपत्ती नव्हे, आणि वीसच्या वर माणसं गेली. पण मृतदेह वायुदलाच्या विमानाने लवकर महाराष्ट्रात आणता आले, केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः नेपाळला गेल्या. एकाच भागातली माणसं एकत्र गेली होती, गावाला नावं माहीत होती, राजकीय ताकद मागे लागली. नरखेड तालुक्यातला एकटाच गेलेला मजूर किंवा विद्यार्थी अडकला तर यातलं काय होईल?

इथे प्रशासनाची बाजू लंगडी आहे. कोणत्या गावचे किती लोक कोणत्या देशात आहेत, याची नोंद ना ग्रामपंचायतीत ना तहसीलमध्ये. ईसीआर कामगारांची नोंद केंद्राच्या ई-मायग्रेट यंत्रणेत होते, पण ती गावापर्यंत येत नाही. विद्यार्थी आणि यात्रेकरू तर कुठेच नसतात. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायतींनी पुण्या-मुंबईहून आलेल्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरला लिहिलं होतं, म्हणजे रजिस्टर ठेवता येतं. स्वखुशीने नाव देणाऱ्यांची एक वही ग्रामपंचायतीने ठेवली आणि तिची प्रत तहसीलला दिली तर 1077 वर फोन येईल तेव्हा सांगायला काहीतरी असेल. त्याला निधी लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

तोवर यंदा काठमांडूला निघणाऱ्या यात्रा मंडळींनी निदान मतदार कार्ड मूळ प्रतीत सोबत घ्यावं आणि बसमधल्या सगळ्यांची नावं, वयं, घरचे नंबर लिहिलेला कागद गावात एकाच्या हाती देऊन जावं.