पटावरची मुले आणि फडावरची मुले

लातूर जिल्ह्याचे शैक्षणिक नाव 'लातूर पॅटर्न'मुळे सर्वदूर पोहोचले. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या आशेने राज्यभरातील विद्यार्थी लातुरात येतात. मात्र याच जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातून, बालाघाटाच्या डोंगररांगेतील वाड्या-तांड्यांवरून, दसरा-दिवाळीच्या सुमारास उलट दिशेचा प्रवास सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि अनेकदा मुलेही त्यांच्यासोबत जातात. शेजारच्या जळकोट, कंधार व मुखेड तालुक्यांतही हेच चित्र आहे.

ही मुले शासनाच्या आकडेवारीत कोठे दिसतात, हा आमचा प्रश्न आहे. शिक्षकांची पदे ठरविण्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या आधारभूत मानण्याची पद्धत आहे. त्या दिवशी मूल गावात असते, पटावरही असते. पुढे महिनाभरात ते फडावर पोहोचते. २०१५ साली शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण झाले, ते ४ जुलै या एकाच दिवशी. जुलैमध्ये ऊसतोड मजूर आपापल्या गावी असतात. दिवसच असा निवडला, तर स्थलांतरित मूल सापडावे कसे?

पट आणि उपस्थिती यांतील अंतर नांदेडने यापूर्वी एकदा उघड केले आहे. तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी तेथे केलेल्या पडताळणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली. त्या मोहिमेचा रोख बनावट नावांवर होता. ऊसतोड मजुरांच्या मुलांची नावे मात्र खरी आहेत; सहा महिने रिकामी राहते ती त्यांची जागा.

या मुलांसाठी काही पर्यायी व्यवस्था झाल्या, हे मान्य केले पाहिजे. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालल्या. मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून गावातच जेवण देणारी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. परंतु शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे आणि हंगामी वसतिगृहांची मर्यादाही तेथेच येते. नेमक्या याच वयात मुलगा कोयता धरण्याजोगा होतो आणि मुलीवर धाकटी भावंडे, स्वयंपाक व पाणी यांचा भार येतो. तिच्या लग्नाची घाईही येथूनच सुरू होते. त्यात दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन गळीत हंगामात येते.

राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. प्रत्येकाची क्षमता १०० आहे, म्हणजे सारी उभी राहिली तरी ८ हजार २०० जागा होतील. स्थलांतराचा विस्तार पाहता हा केवळ आरंभ ठरेल.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. शाळेच्या पटाची दुसरी मोजणी जानेवारीत करावी. हंगामी वसतिगृहे दहावीपर्यंत वाढवावीत. ज्यांना जावेच लागते, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या एप्रिल-मे महिन्यांतील परीक्षेची वाट गावातच दाखवावी. तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. मोजणीचा दिवस बदलण्यास फारसा खर्च नाही. मात्र तो बदलल्याशिवाय नववीतील ही मुले कोणाच्याही हिशेबात येणार नाहीत.