बुडालेला रोज आणि खेळाडूचे इमान

परदेशी क्लबाकडून मोबदला घेऊन खेळणाऱ्याच्या देशनिष्ठेविषयी आपल्याकडे चटकन शंका घेतली जाते. मुंबई व महाराष्ट्राकडूनही खेळलेल्या विनू मंकड यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी न मिळाल्यामुळे त्यांनी लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाचा करार पत्करला. पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले आणि मंकडना क्लबाकडून मागून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या, पाच बळीही घेतले. त्यांच्या निष्ठेत कोणती उणीव होती?

त्याच उत्तर इंग्लंडात १८९५ साली अनेक रग्बी क्लब मूळ संघटनेतून फुटले. सामन्यापायी बुडालेल्या रोजाची भरपाई गिरणी व खाण कामगार खेळाडूंना द्यावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. रग्बी लीगचा जन्म त्यातूनच झाला. उस्मानशाही मिलचे दिवस आठवणाऱ्या नांदेडकरांना बुडालेल्या रोजाचा अर्थ सांगावयास नको.

लातूरने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला. परंतु तालमीतील मुलाचा खुराक आजही बहुधा घरच्यांनाच सोसावा लागतो. यंत्राचा घसारा आपण हिशेबात धरतो. मग शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचा का धरू नये? सत्कारांवरील खर्चाचा काही भाग वळवून जिल्हा पातळीवर दुखापतीचा विमा व रोजभरपाई सुरू करावी. इमानाची अपेक्षा त्यानंतर करणे रास्त ठरेल.