विश्लेषण : ॲपची माहितीपुस्तिका आधी बांधावर का तपासावी?

ऊस, कांदा, टोमॅटो यांपैकी शेतात काय उभे आहे, याची नोंद आता शेतकऱ्यानेच मोबाइलवर करायची आहे. ‘ई-पीक पाहणी’ ॲप राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाले. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक येत नाही. मग नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभावाने खरेदी या साऱ्यांत अडचण येते. त्यामुळे ॲप कसे वापरायचे हे सांगणारी छापील पुस्तिका साधीसुधी राहत नाही.

अडते कुठे?

जुन्नर तालुक्यातील येडगावचे उदाहरण घेऊ. कुकडी नदीवरील धरणाच्या काठी नव्या उसात कांद्याचे आंतरपीक आहे. ॲप विचारते, निर्भेळ पीक की मिश्र? मुख्य पीक कोणते? पाणी धरणातून उपसून आणले असेल तर सिंचनाचे साधन कोणते निवडायचे? ‘योग्य पर्याय निवडा’ एवढेच पुस्तिकेत लिहिले असेल, तर ते वाक्य बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. शिवाय फोटो शेतात उभे राहूनच काढायचा असतो. एका हातात फोन, दुसऱ्यात पुस्तिका आणि डोक्यावर ऊन. कार्यालयात सुबक दिसणारी बारीक अक्षरे तिथे वाचता येत नाहीत.

वापरचाचणी म्हणजे काय?

पुस्तिकेचा कच्चा मसुदा शेतकऱ्याच्या हाती द्यायचा आणि एकच काम सांगायचे : ‘या गटातील पिकाची नोंद करा.’ मदत करायची नाही. तो कुठे थांबला, कोणते पान मागे उलटले, कोणता शब्द दोनदा वाचला, एवढे टिपायचे. ‘समजले का?’ असे विचारले की माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो. म्हणून विचारण्यापेक्षा पाहणे महत्त्वाचे. नंतर मसुदा सुधारून पुन्हा तीच चाचणी घ्यायची.

किती जण लागतात?

याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितानुसार पाच जणांच्या चाचणीत साधारण ८५ टक्के दोष सापडू शकतात. मात्र हे पाच जण एकाच प्रकारचे वापरकर्ते धरले आहेत. तरुण शेतकरी, पहिल्यांदा स्मार्टफोन हाती घेतलेले आजोबा आणि शेती एकटीने सांभाळणारी महिला यांच्या अडचणी वेगळ्या असतात. त्यामुळे प्रत्येक गटातून काही जण हवेत.

ॲपच बदलले तर?

ऑगस्ट २०२२ मध्ये ॲपची दुसरी आवृत्ती आली आणि नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय मिळाली. जुनी पुस्तिका हे सांगू शकत नाही. म्हणून मुखपृष्ठावर आवृत्ती व तारीख ठळक हवी आणि पाने मोजकीच हवीत.

हजारो प्रती छापल्यावर चूक सुधारता येत नाही. त्याआधी पाच-दहा शेतकऱ्यांसोबत बांधावर घालवलेला एक दिवस स्वस्त पडतो. नोंद चुकली तर दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिला जातो. पण न तपासलेली पुस्तिका हाती देणाऱ्यांनाही त्याचा जाब विचारला पाहिजे.