जुन्या ट्रॅक्टरला नवं बॉनेट : फायदा कुणाचा?



परवा बाजाराच्या दिवशी तालुक्याला एक ट्रॅक्टर बघितला. समोरून एकदम कोरा. तिरप्या डोळ्यांचे दिवे, मोठी जाळी, चकचकीत स्टिकर, पुढं लोखंडी बंपर. मागं जाऊन बघितलं तर गिअरबॉक्स तीस वर्षांपूर्वीचा, लिफ्टला गळती, मडगार्ड तिसऱ्याच कंपनीचे. पोरं भोवती उभी राहून फोटो काढत होती. मला माझा ट्रॅक्टर आठवला. म्हणून लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

माझा 35 हॉर्सपॉवरचा, 1994 सालचा. वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. चार वर्षांमागं धाकट्याने हट्ट धरला, "आप्पा, सगळ्यांनी बॉनेट बदललं, आपलंच म्हातारं दिसतंय." मीही भुललो. नव्या मॉडेलचं बॉनेट, जाळी, दिवे, पेंटिंग, सगळं मिळून अडतीस हजार गेले. गावात आणला तेव्हा लोकांनी वाहवा केली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

आता त्या बॉनेटखाली काय झालं ते ऐका. जुन्या ट्रॅक्टरला एअर क्लीनरची टोपी बॉनेटच्या वर असते. ती काही शोभेला नाही. वरची हवा थंड आणि कमी धुळीची, म्हणून ती तिथं. नव्या बॉनेटला तिथं भोकच नव्हतं. कारागिराने पाइप कापला, टोपी आत घेतली आणि रबरी नळी क्लिपाने आवळून दिली. जाळीही बारीक, बाजूची पानं बंद. म्हणजे रेडिएटरला हवा कमी आणि इंजिनाला गरम, धुळीची हवा.

पहिल्या मे महिन्यात रोटाव्हेटर लावला की तासाभरात काटा लाल पट्ट्यात. मी पाण्याला दोष दिला, पंख्याचा पट्टा बदलला. दुसऱ्या वर्षी ऑइल कमी व्हायला लागलं, निळा धूर निघायला लागला. फिटरने खोललं तर ती रबरी नळी सैल झालेली आणि आतपर्यंत बारीक माती. गाळल्याशिवाय गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा सगळं गेलं. जे इंजिन वडिलांच्या हातात एकदाच खोललं होतं, ते माझ्या हौसेनं दोन हंगामांत बसलं. ऐन पेरणीत भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला तो खर्च वेगळा.

कुणी म्हणेल, मग जुन्याला नवं लावूच नये का? तसं मी म्हणत नाही. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, तरी ते ट्रॅक्टर आजही रानात दिसतात. इकडचा भाग तिकडं बसवून, खराद्याकडून घडवून घेऊन शेतकऱ्यांनीच ते चालते ठेवले. त्यांना माझा नमस्कार. डायनामो काढून अल्टरनेटर बसवा. मागं चांगला एलईडी दिवा लावा. कंबर धरत असेल तर नवी सीट घ्या. जुन्या-नव्याचा सांधा कामाच्या जागी घाला, दिसण्याच्या जागी नको.

आमचं उलटं चाललंय. बंपरला पैसे आहेत, पण पीटीओच्या शाफ्टला कव्हर नाही. पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा बाईच्या साडीचा पदर अडकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. टेपला पैसे आहेत, पण दोन ब्रेक पेडल जोडणारी कडी तुटलेली. रस्त्यावर भरल्या उसाच्या ट्रॉलीसकट एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर कुठं वळेल? ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही, आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला रंगीत लाइटच्या माळा.

टायरचंही तेच. रुबाबासाठी मागं मोठे टायर घालतात. चाक मोठं झालं की त्याच गिअरला वेग वाढतो, ओढ कमी होते आणि ब्रेकवर ताण येतो. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरला तर पुढच्या-मागच्या चाकांचं गणित ठरलेलं असतं. नुसते मागचे बदलले तर टायर घासतात आणि पुढच्या एक्सलच्या गिअरवर ताण येतो.

कायदाही माहीत असू द्या. आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीत रंगसुद्धा लिहिलेला असतो.

सगळ्यात वाईट पुढंच आहे. हे रंगवलेले ट्रॅक्टर बाजारात विकायला येतात. आमच्या एका पाहुण्याने दहा वर्षं जुना समजून घेतला, निघाला बावीस वर्षांचा. फसवणारा परका नव्हता, शेतकरीच होता. व्यापाऱ्याने काट्यात मारलं की आपण मोर्चा काढतो, मग याला काय म्हणायचं?

घेताना बॉनेट उघडायला लावा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आकडे घासलेले किंवा वेल्डिंग केलेले दिसले तर तिथूनच माघारी फिरा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बिडावर ओतकामाची तारीख असते, माती खरवडून वाचा. टायरवर चार आकडे असतात : 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा.

मी माझं जुनं बॉनेट गोठ्यामागून काढून परत बसवलं. एक कान चेपलेला आहे, रंग उडालाय. टोपी पुन्हा वर आली, काटा मधे राहतो. धाकटा आठ दिवस बोलला नाही. परवा मीच त्याला एअर क्लीनरचं ऑइल बदलायला बसवलं, वाटीत तळाला बोटभर गाळ निघाला. तो गाळ बघून म्हणाला, "आप्पा, हे सगळं आत गेलं असतं." म्हटलं, गेलं होतंच की.

ज्यांनी बॉनेट बदललंय त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करा. एअर क्लीनरची नळी हाताने हलवून बघा. हलली तर उद्या ट्रॅक्टर रानात नेऊ नका.