संशोधन आपलं, मग कुलूप कशाला?
शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर झालेलं काम परदेशी जर्नलमध्ये छापून येतं आणि सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजच्या पोरांना ते वाचायला डॉलर मोजावे लागतात. खरं तर बरीच जर्नल्स लेखकाला स्वीकृत लेखाची स्वतःची प्रत खुली ठेवू देतात. काही लगेच, काही ठरावीक महिन्यांनी. पण ती प्रत सरांच्या लॅपटॉपमध्येच पडून राहते. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात, कारण यूजीसीचा तसा नियम आहे. लेखांचंही तसंच व्हायला हवं. विद्यापीठाच्या खुल्या डिजिटल संग्रहात डीओआय क्रमांकासह प्रत ठेवली, की गुगल स्कॉलर किंवा ‘अनपेवॉल’सारखं मोफत एक्स्टेन्शन ती शोधून देतं. ग्रंथालयानं हे काम अंगावर घ्यावं. आणि दोस्तांनो, तोवर लेखकालाच बिनधास्त मेल टाका!