बारा दिवसांचे बिऱ्हाड

मे महिना लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. आपल्या घरांत सुट्टी म्हणजे बहुधा माहेर, मामाचे गाव, नाहीतर नात्यातली लग्ने. नवरा-बायकोने दोघांनीच कुठे जाऊन राहावे, हे अजूनही चैनीत मोजले जाते. मुले मोठी झालेल्या जोडप्याला तर "आता या वयात?" हेही ऐकावे लागते. पण बारा दिवस एकमेकांशी निवांत बोलता यावे, एवढी हौस बेताच्या मिळकतीतही भागते. यंदा आम्ही दोघे देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला राहून आलो. त्याचा हिशेब वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

प्रवास एसटीने केला. सोलापूरहून कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगड. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, म्हणजे दोघांचे मिळून दीड तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे तिकीट लागते आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे. मुंबईकडच्या वाचकांना कोकण रेल्वेने कणकवलीला उतरता येईल. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि मे महिन्यात कोकणच्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा तारीख आधीच ठरवावी.

राहण्यासाठी लॉज न घेता गावातल्या घराची एक खोली घेतली. शेगडी, चार भांडी, स्वतंत्र न्हाणीघर. रोजाचा दर न विचारता बारा दिवसांचे ठोक भाडे विचारले, की मालकही दोन पावले खाली येतो. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते, म्हणून सोमवारी पोहोचावे.

खोली शोधताना आम्ही पहिल्याच फोनवर नाव सांगत होतो. एका ठिकाणी नाव ऐकल्यावर मोकळी असलेली खोली अचानक भरली. वाईट वाटले, पण दारात सामान घेऊन उभे राहिल्यावर कळण्यापेक्षा ते बरे. पुढच्या घरच्या बाईंनी एवढेच सांगितले, "मटण-कोंबडी आमच्या भांड्यांत नको, मासळी खुशाल करा." अट स्पष्ट होती, आम्हीही ती पाळली.

कुणकेश्वर हे शंकराचे मोठे तीर्थ, महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. गावात एक दंतकथा सांगतात. वादळात सापडलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याच्या गलबताला इथला दिवा दिसला, तो किनाऱ्याला लागला आणि हे देऊळ त्याने बांधून दिले. इतिहास म्हणून ती कोणी घेऊ नये. पण गावाने ती जपली आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटले.

हवेबद्दल खरे सांगायचे तर कोकणात मे महिन्यात थंडावा नाही. पारा सोलापूरपेक्षा खाली असतो, पण घाम जास्त. दुपार घरातच काढावी आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर. मे संपत येतो तसा समुद्र खवळू लागतो, तेव्हा पाण्यात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. विहिरी तळाला गेलेल्या असतात, वुजूलाही पाणी बेतानेच वापरावे.

नमाजचेही ठरवून जावे. आपण घाटावरचे बहुतेक हनफी, कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई. हनफी मसलकानुसार पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर मुसाफिराला कसर आहे, शाफई मसलकात ही मुदत चार दिवसांची. असरची वेळही शाफईंकडे लवकर होते, ती अजान ऐकून घड्याळावर शंका घेऊ नये.

आता खर्चातली मुख्य गोष्ट, जेवण. बारा दिवस दोन्ही वेळा खानावळीत जेवलो असतो तर भाड्यापेक्षा ते बिल मोठे झाले असते. स्वयंपाक खोलीवर केला की पैसे वाचतात, हे कोणीही सांगेल. पण ते कोणाच्या कष्टातून वाचतात, हे कोणी विचारत नाही. सोलापूरच्या ओट्यापाशी उभी राहणारी बाई कुणकेश्वरच्या शेगडीपाशी उभी राहिली, तर सहल फक्त पुरुषाची झाली. तिची चूल तेवढी गावोगाव फिरली.

म्हणून निघण्याआधीच आम्ही कामे वाटून घेतली. सकाळचा चहा, न्याहारी आणि भांडी नवऱ्याकडे. दुपारचे जेवण घरमालकीणबाईंकडून विकत: भात, माशाची आमटी, तळलेला बांगडा, सोलकढी. हनफी घरात कुर्ल्या-तिसऱ्या खात नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी त्या कधी वाढल्या नाहीत. रात्री खिचडी किंवा पोळी आणि आमरस, दोघांनी मिळून. आंबे पेटीने न घेता बागेतून डागी घेतले. साल डागाळलेली, पण आत तोच देवगड हापूस, आणि किंमत बरीच कमी. मासळी हवी असेल तर मे संपण्याआधीच जावे, १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते.

दुपारच्या जेवणाचे पैसे देताना एक गोष्ट रोज मनात यायची. त्या बाईंच्या हातच्या ताटाला दर होता आणि तो देताना आम्ही खळखळ केली नाही. तेच ताट घरी वर्षानुवर्षे बिनदराचे येते, म्हणून आपण ते फुकट समजतो. बजेटच्या वहीत "जेवण: घरचे" असे लिहून पुढे शून्य मांडतो. तो शून्य खरा नसतो.

खोलीच्या दरांचे आकडे आम्ही मुद्दाम दिले नाहीत, ते हंगामाप्रमाणे बदलतात. आपापला हिशेब प्रत्येकाने मांडावा. प्रवास, खोली, जेवण असे तीन रकाने पुरेत. तिसऱ्या रकान्यासमोर रकमेच्या आधी एक नाव लिहावे: रांधणार कोण. तिथे बाराही दिवस एकच नाव येत असेल, तर दोन दिवस कमी राहावे, पण एक वेळचे जेवण विकत घ्यावे. दहा दिवसांची सुट्टी दोघांची झाली, तर ती बारा दिवसांपेक्षा मोठी आहे.